गाभा अभ्यासक्रम बांधताय? आधी शिकवणारे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय, नुकतीच स्वायत्तता मिळालेली, पहिल्या वर्षाला २४० मुलं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञानप्रणाली, कम्युनिटी एंगेजमेंट असे दोन-दोन क्रेडिटचे सुटे पेपर येऊन पडलेत. त्यांतून सगळ्या शाखांच्या मुलांना समान असा एक खरा गाभा बांधता येईल का? अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं, म्हणजे एका विषयाबरोबर सर्वांगीण शिक्षण देणारी पदवी महाविद्यालयं, हे कसं जमवतात? आणि सुरुवात कोणती पुस्तकं लावायची हे ठरवण्यापासून करायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पुस्तकांपासून सुरुवात करू नका. पुस्तकांची यादी करायला बसलात की पहिल्याच बैठकीत मराठी विभाग, इतिहास विभाग आणि वाणिज्यवाले यांच्यात जुंपेल, आणि ते भांडण इतकं रंगेल की हा पेपर शिकवणार कोण हे विचारायला कुणाला सवडच उरणार नाही. माझ्या पाहण्यात जेवढे गाभा अभ्यासक्रम कोसळले, त्यांतले बहुतेक याच एका प्रश्नावर कोसळले.

मी मूळचा सांगलीकडचा, विषय भौतिकशास्त्र. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात २७ वर्षं शिकवलं. लहान म्हणजे दीड-दोन हजार विद्यार्थी, सगळे पदवीचे. तिथल्या अभ्यासक्रम समितीवर दोनदा होतो. एकदा सपशेल आपटलो, एकदा तरलो. दोन्हीचं पुढे सांगतो, पण आधी थोडा इतिहास, कारण तिकडचं म्हणून जे आपल्याकडे सांगितलं जातं ते बरंचसं अर्धवट असतं.

सगळे उदाहरण देतात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं. तिथला ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ हा सक्तीचा अभ्यासक्रम १९१९ मध्ये सुरू झाला. त्याचा जन्म कुठल्या उदात्त तत्त्वचिंतनातून झाला असं वाटत असेल तर तसं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी युद्धाची कारणं समजावून देणारा एक वर्ग चालवला होता. युद्ध संपल्यावर प्राध्यापक म्हणाले, युद्धाचे प्रश्न शिकवले, तर आता शांततेचेही शिकवू. इतिहास आणि तत्त्वज्ञान विभागांनी आपापले सक्तीचे पेपर सोडून दिले आणि त्या जागेवर हा एक सामाईक वर्ग उभा राहिला. ‘सोडून दिले’ हे शब्द लक्षात ठेवा. आहे ते सगळं तसंच ठेवून वर गाभ्याचा मजला चढवता येत नाही. वेळापत्रकात तेवढी जागाच नसते.

(डॉ. आंबेडकर कोलंबियात होते ते १९१३ ते १९१६, म्हणजे हा वर्ग सुरू व्हायच्या आधी. तरी ‘आंबेडकरांनी जो कोअर (म्हणजे गाभा) शिकला’ अशी वाक्यं अधूनमधून वाचायला मिळतात. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते. अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे वर्ग स्वतः निवडून केले. म्हणजे त्यांचं उदाहरण द्यायचंच तर ते सक्तीच्या नाही, मुक्त निवडीच्या बाजूनं जातं.)

१९३७ मध्ये तिथं साहित्याचा वर्षभराचा वर्ग आला, १९४७ मध्ये संगीत आणि चित्रकलेचे आले. विज्ञानाचा सामाईक वर्ग यायला २००४ उजाडावं लागलं, म्हणजे पंच्याऐंशी वर्षं! माझ्यासारख्या भौतिकशास्त्रवाल्याला हे टोचतं, पण कारण साधं आहे. विज्ञानाच्या प्राध्यापकांना प्रयोगशाळा सोडून असल्या वर्गात आणणं फार अवघड. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ‘कंटेम्पररी सिव्हिलायझेशन’ला १९२९ मध्ये दुसरं वर्षही जोडलं होतं, त्यात त्या काळचे आर्थिक-सामाजिक प्रश्न शिकवायचे. १९६० चं दशक संपेपर्यंत ते वर्ष बंद पडलं. त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नव्हता. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांतले लोक आपापल्या संशोधनात इतके खोल गेले की सगळ्यांना मिळून चालणारा वर्ग घ्यायला माणसंच मिळेनाशी झाली.

पहिलं वर्ष टिकलं ते दोन गोष्टींवर. एक, वर्ग लहान, विशीच्या आसपास. दोन, शिकवणारे एकत्र बसतात. साहित्याच्या वर्गाला तर दर आठवड्याला शिकवणाऱ्यांची बैठक असते आणि त्या आठवड्याच्या पुस्तकावर आधी शिक्षकच बोलतात. आपल्याकडे कोलंबियाच्या पुस्तकांच्या यादीची झेरॉक्स फिरते. त्या बैठकीची झेरॉक्स निघत नाही.

ती बैठक म्हणजे नेमकं काय, ते माझ्या अनुभवावरून सांगतो. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला एक सामाईक चर्चावर्ग होता आणि नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मला तो घ्यायला लावला. सोमवारी दुपारी बारा वाजता शिकवणारे आम्ही चौदाजण डबा घेऊन एका खोलीत. पुस्तक होतं सोफोक्लीजचं ‘अँटिगनी’. राजाचा हुकूम मोडून बहिणीनं भावाच्या प्रेतावर माती टाकली, ही गोष्ट. मी आदल्या रात्री पहिल्यांदा वाचलेलं. ग्रीकच्या प्राध्यापिका बोलत होत्या आणि मला एकच गोष्ट खटकत होती. ही बाई माती दोनदा टाकते. पहिल्यांदा टाकली तेव्हा विधी उरकला होता, कुणी पाहिलंही नव्हतं. मग पहारेकऱ्यांनी माती झाडून टाकल्यावर पकडलं जायला परत का गेली? मी घाबरत विचारलं. खोली क्षणभर गप्प. मग त्या बाई हसून म्हणाल्या, यावर आमचे लोक किती पिढ्या भांडतायत, तुम्हाला कुणी सांगितलं? कुणीच सांगितलं नव्हतं. पुरावा जुळत नसला की विचारायचं, ही प्रयोगशाळेतली सवय. त्या आठवड्यात चौदाही वर्गांत पहिला प्रश्न तोच होता. मला ग्रीक नाटकातलं काही येत नाही हे माझ्या वर्गातल्या अठरा मुलांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती बोलली.

गाभ्याचा वर्ग तज्ज्ञाचा नसतो. तिथं शिकवणाराही थोडा विद्यार्थी असावा लागतो आणि त्याला तसं असण्याची भीती वाटू नये म्हणून ती सोमवारची बैठक. मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजनं १९३७ पासून हेच टोकाला नेलंय. सगळ्यांना तोच अभ्यासक्रम, आणि प्राध्यापक असा हुद्दाच नाही, सगळे ‘ट्यूटर’. गणितात पीएच.डी. केलेला माणूस ग्रीक शिकवतो, साहित्यातला माणूस भूमिती. तुम्हाला ते झेपणार नाही. आम्हालाही झेपलं नसतं.

आता दुसरी वाट, म्हणजे बास्केट: विषयांचे गट करून द्यायचे आणि मुलांनी त्यांतून निवडायचं. हार्वर्डच्या चार्ल्स एलियटनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सक्तीचे पेपर जवळजवळ उडवून मुक्त निवड आणली. त्याच्यानंतर आलेल्या लॉवेलनं तिला लगाम घातला: एका विषयात खोली, बाकीच्यांत थोडं थोडं. आज अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं हेच करतात आणि आपल्या नव्या चौकटीतली ओपन इलेक्टिव्हची बास्केट त्याच घराण्यातली आहे. यात वाईट काही नाही. फक्त त्याला गाभा म्हणू नका. हार्वर्डनं १९४५ मध्ये सामान्य शिक्षणावर गाजलेला अहवाल काढला, १९७० च्या दशकाअखेर ‘कोअर’ आणला, २००९ पासून ‘जनरल एज्युकेशन’ आणलं, आणि २०१५ च्या अंतर्गत आढाव्यात त्यांच्याच समितीनं कबूल केलं की भाषा जनरल एज्युकेशनची असली तरी प्रत्यक्षात चाललंय ते विषय वाटून घेण्याचंच काम. कारण प्रत्येक विभागानं आपला आधीचाच पेपर नवं नाव लावून आत बसवला होता. २०१९ पासून त्यांनी पुन्हा नवी मांडणी केली. हार्वर्डचं हे होतं, तर तुमच्या बास्केटमध्ये ‘इंट्रोडक्शन टु अमुक’ या नावानं प्रथम वर्षाचाच जुना पेपर आला तर कुणाला दोष देणार?

ब्राउन विद्यापीठानं १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच अहवालावरून सामाईक सक्ती काढून टाकली. अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजातही पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सगळं खुलं. हेही प्रामाणिक उत्तर आहे, पण त्याला प्रत्येक मुलामागे वेळ देणारा सल्लागार लागतो. आपल्याकडचे मेंटॉर-मेंटी फॉर्म नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी कसे भरले जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पुस्तकांवरची भांडणं होतात, नाही असं नाही. स्टॅनफर्डमध्ये १९८७ मध्ये ‘वेस्टर्न कल्चर’ या सक्तीच्या वर्गाविरुद्ध कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन यांच्यासह मोर्चा निघाला आणि १९८८ मध्ये तो वर्ग बदलला. देशभर हलकल्लोळ झाला. पण त्या जागी जे आलं ते १९९७ मध्ये बदललं, मग २०१२ मध्ये, मग २०२१ मध्ये. दुसऱ्या-तिसऱ्या बदलाच्या वेळी मोर्चे नव्हते. तेव्हा प्रश्न होता तो मुलं कंटाळतात आणि कायम प्राध्यापक शिकवायला येत नाहीत, हाच जुना.

रीड कॉलेजचं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. ऑरेगनमधल्या या कॉलेजात ‘ह्युमॅनिटीज ११०’ हा पहिल्या वर्षाचा वर्ग १९४३ पासूनचा. सगळ्यांना एकत्र व्याख्यान, मग लहान चर्चावर्ग. ग्रीस-रोम आणि त्यांच्या आजूबाजूचा प्राचीन भूमध्य प्रदेश असा आवाका. २०१६ च्या सप्टेंबरपासून काही विद्यार्थी व्याख्यानाच्या वेळी पुढे येऊन फलक घेऊन बसू लागले, की यात गोऱ्यांखेरीज कुणी का नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये वर्षाचं पहिलंच व्याख्यान रद्द करावं लागलं. शेवटी ठरलेला आढावा अलीकडे ओढून २०१८ मध्ये नवी रचना जाहीर केली, तीत मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती हार्लेम हे आले. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांची मागणी रास्त होती. शिकवणाऱ्या कनिष्ठ प्राध्यापकांना रोज त्या फलकांसमोर उभं करणं रास्त नव्हतं. आणि कॉलेजची चूक ही की आढावा दहा-दहा वर्षांनी घ्यायची प्रथा होती. दर वर्षी यादीतलं थोडं बदलत राहिलं असतं तर सगळा दाब एकाच वर्षी साचला नसता. कोलंबियातही मुलींना प्रवेश १९८३ मध्ये मिळाला आणि साहित्याच्या सक्तीच्या यादीत पहिली लेखिका, जेन ऑस्टेन, आली ती १९८५ मध्ये. वर्गात कोण बसलंय यावर यादी हलते. हलूच द्यावी.

आता माझं आपटणं. समितीत आम्ही नऊजण. दोन वर्षं काम, पाच जाहीर बैठका, चार सामाईक वर्गांचा देखणा प्रस्ताव. त्यासाठी जागा कुठून काढायची? आम्ही परकीय भाषेची सक्ती तीन सत्रांवरून दोनवर आणली. कागदावर किरकोळ बदल. मतदानाच्या सभेत जर्मनचे एक शिक्षक उठले, मितभाषी माणूस, इतक्या वर्षांत त्यांना सभेत बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, ‘या प्रस्तावात माझं नाव कुठं नाही, पण मला ते तिसऱ्या पानावर दिसतंय.’ आणि बसले. तिसऱ्या सत्राची मुलं गेली की जर्मनच्या दोन जागांपैकी एक जाणार, हे गणित त्यांनी केलं होतं. आम्ही नऊजणांनी केलंच नव्हतं. प्रस्ताव तीन मतांनी पडला. आमच्यातल्या एकानं बाहेर येऊन ‘लोकांना दृष्टीच नाही’ असं म्हटल्याचं आठवतं. दृष्टी चांगली होती, तिसऱ्या पानापर्यंत जात होती.

सहा वर्षांनी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिला कागद अभ्यासक्रमाचा नव्हता. डीनच्या सहीचं पत्र होतं: नव्या रचनेमुळे पुढची सहा वर्षं कुठल्याही विभागाची एकही जागा कमी होणार नाही आणि सामाईक वर्ग घेणाऱ्याचे तास पूर्ण वर्कलोडमध्ये धरले जातील. ते पत्र वाचून झाल्यावर अभ्यासक्रमावरची चर्चा एका सभेत संपली. त्या जर्मनच्या शिक्षकांनी पुढे तीन वर्षं सामाईक वर्ग घेतला, आणि उत्तम घेतला.

तुमच्याकडे हेच ‘वर्कलोड’ आणि ‘अतिरिक्त’ या दोन शब्दांत येतं. अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या विद्वत परिषदेत तत्त्वज्ञान किंवा हिंदीचे सर ज्या कळकळीनं आपल्या विषयाचं महत्त्व सांगतात त्याला हसू नका. ओपन इलेक्टिव्हची क्रेडिटं गेली तर त्यांचं पद जाईल, हे ते सांगतायत, फक्त दुसऱ्या शब्दांत.

सक्तीच्या सामाईक पेपरचा आपला स्वतःचा अनुभवही विसरू नका. ‘गाभा’ म्हटलं की डी.एड. झालेल्यांना १९८६ च्या धोरणातले दहा गाभा घटक आठवतील. पाठ टाचणात एक रकाना असायचा, त्यात पाठ कुठलाही असो, ‘राष्ट्रीय एकात्मता’ लिहून मोकळं व्हायचं. मुंबई विद्यापीठाचा फाउंडेशन कोर्स आदल्या रात्री गाईड वाचून सुटायचा. पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आला आणि दर वर्षी तोच ‘जलप्रदूषण: कारणे व उपाय’ प्रकल्प मुखपृष्ठ बदलून जमा होऊ लागला. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांच्या पदवीबरोबर अकरा सक्तीचे फाउंडेशन कोर्स एका झटक्यात आणले आणि २०१४ च्या जूनमध्ये सगळी रचनाच मागे घेतली गेली. त्या कोर्सेसचा दर्जा शाळेचा आहे ही तक्रार शिकवणाऱ्यांचीच होती.

आता तुमचं गणित मांडू. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास, आठवड्याला दोन प्रमाणे पंधरा आठवडे. २४० मुलं १२० च्या दोन तुकड्यांत बसवली तर आठवड्याचे चार तास लागतात, आणि मागचा बाक झोपतो. तीच मुलं चोवीसच्या दहा गटांत बसवा: वीस तास. फरक सोळा तासांचा. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा वर्कलोडही सोळाच तासांचा. म्हणजे खरा गाभा आणि फाउंडेशन कोर्सची पुनरावृत्ती यांत फरक एका माणसाच्या वर्कलोडचा आहे. ही किंमत संस्थाचालकांना एका ओळीत सांगता येते, म्हणून ती आधी काढून ठेवा. पण तो एकच माणूस दहा गट घेणार नाही. दहा वेगवेगळ्या विभागांतले दहाजण एकेक गट घेतील आणि आठवड्यातून एक तास एकत्र बसतील. तो तास वेळापत्रकात छापा. छापला नाही तर दिवाळीनंतर बैठक होणार नाही.

सीएचबीवरच्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या, लोकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच खरं दुखणं असणार. जागा भरलेल्या नसतात आणि दहापैकी चार-पाचजण तासिका तत्त्वावरचे निघतात. त्यांना बैठकीच्या तासाचे पैसे मिळत नसतील तर त्यांनी का बसावं? स्वायत्ततेच्या निधीतून किंवा संस्थेकडून तेवढी तजवीज करा. ते जमत नसेल तर पाच गटांपासून सुरू करा, अर्धीच मुलं घ्या, आणि पहिल्या वर्षी तसं उघड सांगा.

आता कुठं पुस्तकं. तीस तासांत चारच मजकूर घ्या, सात-आठ नकोत. शिकवणाऱ्यांनी मिळून निवडावेत आणि एक नियम ठेवा: ज्याचा विषय नाही त्यालाही तो मजकूर मुलांबरोबर वाचता आला पाहिजे. मला विचाराल तर एक मजकूर ताराबाई शिंद्यांचा घ्या. ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२, लिहिणारी बुलढाण्याची, पुस्तक छापलं गेलं पुण्यात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांनी बायकांवर जे तोंडसुख घेतलं, त्यावरचा हा संताप. पहिल्या आठवड्यात पाच पानं, मोठ्यानं वाचून. मुलांना भाषा आधी जड जाईल, मग आपली वाटेल, कारण त्यातले टोमणे त्यांच्या आज्या अजून मारतात. प्रश्न एकच द्या: बाई इथं पुरावा देतेय की चिडलीय, आणि दोन्ही एकाच वाक्यात असू शकतं का? वाणिज्यच्या मुलांना वेगळा प्रश्न आवडतो: हे पुस्तक पुढे जवळजवळ शंभर वर्षं कुणाच्या लक्षात का राहिलं नाही? १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं. अभ्यासक्रमात काय येतं आणि काय गळतं हे त्यावरून जितकं कळतं तितकं धोरणावरच्या भाषणातून कळत नाही.

सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजनं २०१३ पासून सामाईक वर्गात रामायण आणि ओडिसी शेजारी ठेवून वाचलं. तिथले पहिले प्राध्यापक मुलं यायच्या वर्षभर आधी नेमले होते, फक्त अभ्यासक्रम बांधायला. २०२१ मध्ये ते कॉलेज बंद करायचा निर्णय झाला आणि शेवटची तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली, पण त्यात वर्गाचा दोष नव्हता. अशी जोडी तुम्हीही करू शकता. फक्त ‘कोण श्रेष्ठ’ असा वादविवाद ठेवू नका, नाहीतर मुलं घरून आणलेलीच मतं घेऊन घरी जातील.

भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन क्रेडिटांबद्दल तुमच्या पत्रात थोडी चिंता दिसली: गौरवगान होईल की टिंगल. दोन्ही टळतं, मुलांना काम दिलं की. भास्कराचार्यांची लीलावती घ्या, ११५० च्या सुमाराची. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर मोडला किती उंचीवर? फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला की उत्तर बारा हात येतं. कलेच्या मुलांनीही सोडवायचं, कॅल्क्युलेटर न घेता. मग चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ सालचा शिलालेख वाचायचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, त्याचा तो लेख. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातल्या विक्रीवरच्या कराचा कुठला वाटा मठाला द्यायचा ते लिहून ठेवलंय. ग्रंथ कुठले शिकवायचे याबरोबर मठाचा खर्च कशातून चालायचा हेही दगडावर कोरलं! गणित, इतिहास, भाषा आणि अर्थशास्त्र असे चार विभाग या एका दगडाभोवती बसवता येतात. जमलं तर एक दिवसाची सहल काढा. खानदेशात असाल तर सबब चालणार नाही.

परीक्षेचं थोडक्यात. पन्नास गुणांची लेखी परीक्षा आणि प्रश्नसंच ठेवलात तर नोव्हेंबरपर्यंत स्टेशनरीच्या दुकानात गाईड लटकेल. दर आठवड्याला वर्गातच, हातानं, एक पान लिहून घ्या, विषय त्याच दिवशी सांगून. चॅटजीपीटीचाही प्रश्न तिथंच निम्मा सुटतो. शेवटी दोन-दोन मुलांची दहा मिनिटांची तोंडी परीक्षा, आणि ती दुसऱ्या गटाच्या शिक्षकानं घ्यावी. गुणांची रचना तुमच्या परीक्षा विभागाला आधी दाखवा, नाहीतर सत्र संपल्यावर ‘सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही’ हे उत्तर मिळेल. चारपैकी एक मजकूर दर वर्षी बदलायचा, तेही नियमातच लिहा.

दुसऱ्या सत्रात मोजमापाचा पेपर असावा असं माझं मत आहे. गावातली विहीर, बाजार समितीतले भाव, एसटीच्या फेऱ्या, काहीही घ्या, पण आकडे मुलांनी स्वतः जमवलेले असावेत. त्यावर वेगळं लिहावं लागेल. पहिलं सत्र पार पडू द्या.

तुम्ही सोबत जोडलेला चौदा पानांचा आराखडा वाचला. उद्दिष्टं, निष्पत्ती, संदर्भग्रंथ, सगळं रीतसर आहे. गट कोण घेणार ते कुठल्याच पानावर नाही. विद्वत परिषदेच्या बैठकीआधी एक कोरा कागद घ्या आणि स्टाफरूममध्ये बसून दहा नावं लिहा. त्यांतली निदान तीन विज्ञान आणि वाणिज्यची असू देत, आणि प्रत्येकाला समोरासमोर विचारून मगच लिहा. एक नाव तुमचं स्वतःचं असलं पाहिजे, उपप्राचार्य असलात तरी. तो कागद मला पाठवा, मग मजकुरांबद्दल बोलू.